बाजा अंगणात

घरात वसंत आला की नाही, हे पुणतांब्याच्या हन्नाबाई ठरवत. दारातला कडुनिंब फुलून त्याचा गोड वास आला, की त्या हुकूम सोडत, "बाजा अंगणात काढा." तोवर बाहेर निजायची कुणाची टाप नव्हती.

यंदा शेजारच्या छबूबाईंचा पाडवा होऊन गेला. लढाईपायी रॉकेल मिळेना, म्हणून घरात अंधार, त्यात उकाड्यानं सगळे घामाघूम होऊन पडत. तरी हन्नाबाईंचं एकच, "आजून आला न्हाई. माझं नाक काय खोटं बोलतंय व्हय?" मुलगा एलिया आतच वाकळ अंथरी. सून रेबेकाही आतच निजे. यंदा तिच्या फोडणीला वासच नाही, हेही तिनं कालच ऐकून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी रेबेका अंगण झाडून आत आली, तेव्हा तिच्या अंबाड्यात कडुनिंबाची बारीक पांढरी फुलं अडकली होती. हन्नाबाईंनी ती चिमटीत घेऊन नाकाशी धरली. पुन्हा धरली. चुलीवर त्यांनीच टाकलेली लसणाची फोडणी चरचरत होती, तिचाही वास त्यांना येत नव्हता. हिवाळ्यातल्या तापानं आपलं काय नेलं, ते त्यांना आत्ता कळलं.

"कवा फुलला गं?"

"लई दिस झालं, आत्याबाई."

"आन् बोलली न्हाईस?"

"तुमी सांगायचं असतं ना."

हन्नाबाईंनी पदर खोचून स्वतःच बाज दाराबाहेर ओढली.

"पुढल्या साली वास तू घे," त्या म्हणाल्या. "सांगायचं मातर मीच."