न भांडणारं गिऱ्हाईक

घरात आणि शोरूममध्ये, दोन्हीकडे त्याला धाकटा म्हणत. घरात तो शेंडेफळ होता म्हणून. शोरूममध्ये म्हणत, कारण त्याच्या ताईनं एकदा तिथे फोन करून "आमचा धाकटा आहे का जागेवर?" असं विचारलं होतं, आणि फोनवरच्या मुलीनं ते सगळ्या मजल्यावर पसरवलं. आता त्याचं वय अडतीस, कानाजवळचे केस पिकलेले, गाड्या विकायला लागून बारा वर्षं झालेली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या बारा वर्षांतली अकरा त्यानं गिऱ्हाइकांच्या मागे धावण्यात घालवली. मॅट फुकट देतो, पहिली सर्व्हिसिंग फुकट करतो, तुम्ही फक्त एकदा चालवून बघा. मग कुठल्या तरी कारखान्यात नखाएवढी चिप बनेनाशी झाली आणि जगभरच्या गाड्या अडकल्या. शोरूममध्ये एकच गाडी उरली, तीही दाखवण्यापुरती. आता गिऱ्हाइकं मागे धावू लागली. नऊनऊ महिन्यांची यादी झाली. आणि एक नवा शब्द आला : वरचे. कागदावर त्याला "लवकर डिलिव्हरीचं पॅकेज" म्हणत. त्यात सीट कव्हर, एक पॉलिश आणि चार मॅट असत. पूर्वी जे फुकट द्यायचे, तेच आता गाडीच्या किमतीच्या सातव्या हिश्शाला विकत होते. मेख एवढीच, की पॅकेज घेणारा यादीत वर सरके, आणि म्हणून कुणीतरी खाली जाई.

ताईचा नंबर अकरावा होता.

ताई घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करी. जखमा धुणं, इंजेक्शनं, नळ्या बदलणं. दिवसाला आठ घरं. तिची जुनी गाडी चढावर बंद पडली ती कायमची. गुडघा दुखतो म्हणून तिनं क्लच नसलेली, छोटी पांढरी गाडी नोंदवली होती. धाकट्यानंच फॉर्म भरला होता. तोपर्यंत ती खांद्यावर औषधांची बॅग अडकवून बसनं फिरत होती.

सातव्या महिन्यात तशाच तीन पांढऱ्या गाड्या आल्या, आणि यादी सरकत सरकत ताईपर्यंत पोहोचली. त्याच आठवड्यात एक दातांचे डॉक्टर आले, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "वरचे किती ते सांगा. थांबायला वेळ नाही."

मॅनेजरनं धाकट्याला आत बोलावलं. यादी टेबलावर पसरली होती.

"आलेल्या तीन गाड्यांवर ह्या तिघांचा नंबर लागतो. त्यातली एक डॉक्टरांना द्यायचीय," मॅनेजर म्हणाला. "एकाला पुढच्या खेपेपर्यंत थांबवा. कोणाला, ते तुम्ही ठरवा. फक्त आरडाओरडा करणारा नको. माझं डोकं आधीच उठलंय."

धाकट्यानं तीन नावं पाहिली. पहिला वकील होता. दुसरा रोज सकाळी येऊन काउंटरवर मुठी आपटून जाई. तिसरं नाव ताईचं. त्यानं फार विचार केला असंही नाही. ताईच्या नावावर बोट ठेवून तो म्हणाला, "ह्यांना मी समजावतो." मॅनेजरला नातं माहीत नव्हतं, आणि त्यानं सांगितलं नाही.

समजावायचीही वेळ आली नाही. रविवारी तो ताईकडे जेवायला गेला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "काही खबर?"

"अजून नाही गं."

"अरे, येईल कशी?" भाऊजी म्हणाले. ते छापखान्यात कामाला होते आणि घरात गप्प बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "आमची गाडी समुद्रातून पोहत येतेय. मध्ये दम लागला असेल." मग धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ह्याच्या हातात असतं तर ह्यानं आतापर्यंत खांद्यावरून आणली असती. काय रे धाकट्या?"

धाकटा हसला. त्या व्यवहारात त्याच्या वाट्याला आलेल्या पैशांतून त्यानं दुसऱ्याच दिवशी ताईसाठी चालायचे चांगले बूट घेतले. जाड तळव्याचे, महागातले. ताईला इतका आनंद झाला की तिनं ते शेजारणीला दाखवले. "भावानं घेतले," ती म्हणत होती, आणि धाकटा आत जाऊन उगाचच पाण्याचा नळ सोडून उभा राहिला.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी दुपारी, ताई शोरूममध्ये आली. अंगावर कामाचे कपडे, खांद्यावर बॅग. ती सरळ त्याच्या टेबलाशी आली नाही. दारातलं टोकन घेऊन बाकावर बसली. तिच्या आधी दोघे होते. धाकटा लांबून बघत राहिला. हात करावा की नाही, त्याला कळेना. नंबर आला तेव्हा ती त्याच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली.

"बुकिंग रद्द करायचंय," ती म्हणाली. "फॉर्म असेल ना?"

"ताई, अगं, आता कशाला? पुढच्या महिन्यात नक्की..."

"दातांच्या डॉक्टरांचे वडील आहेत ना, त्यांच्या पाठीची जखम मी धुते. परवापासून जाते." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "अंगणात गाडी उभी होती. मी म्हटलं, छान आहे, आम्हीही हीच नोंदवलीये. तर डॉक्टर म्हणाले, नोंदवून काय होतंय, वर द्यावे लागतात. माणूस फार कामाचा आहे म्हणाले. तुझं कार्ड दिलं मला. माझीही सोय व्हावी म्हणून."

 धाकट्यानं खण उघडला, फॉर्म शोधला. फॉर्म वरच होता, तरी शोधत राहिला.

ताईनं फॉर्म भरला. "रद्द करण्याचं कारण" असा रकाना होता, तिथे ती क्षणभर थांबली. धाकट्याला वाटलं, आता लिहील. लिहावंच तिनं. तिनं लिहिलं, "गाडीची गरज उरली नाही," आणि खाली सही केली.

"एकच विचारते," कागद पुढे सरकवत ती म्हणाली. "यादीत एवढी माणसं होती. मग मीच का?"

खोटं बोलायला त्याच्याकडे बारा वर्षांचा सराव होता. पण त्या वेळी एकही वाक्य धावून आलं नाही.

"तू भांडणार नाहीस म्हणून," तो म्हणाला.

ताईनं मान हलवली, एखाद्या रुग्णानं दुखणं नेमकं सांगितल्यावर हलवावी तशी. "हो," ती म्हणाली. "नाही भांडणार." बॅग उचलून ती निघाली. काचेतून तो तिला रस्ता ओलांडून बस स्टॉपवर उभी राहिलेली पाहत होता. बस यायला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं त्याच्यासमोर येऊन बसली आणि त्यांच्याशी तो काय बोलला ते त्याला आठवत नाही.

पैसे परत देणारी कॅशियरबाई नंतर म्हणाली, "किती शांत होत्या हो त्या बाई! सगळी गिऱ्हाइकं अशी हवीत."

त्या रविवारी जावं की नाही, ह्यातच त्याची सकाळ गेली. शेवटी गेला. बघतो तो भाऊजी नेहमीसारखेच. "काय रे, तोंड का पाडलंयस? ताईनं सांगितलं मला, गाडी परवडत नाही म्हणून नाव काढलं. त्यात तुझा काय दोष? तू तरी किती धडपड करणार!" आणि त्यांनी त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं.

धाकट्यानं हातातला घास ताटात ठेवला. ताई त्याच्याकडे बघत होती, मान किंचित हलवत : नको. त्याला ते दिसलं. तरी तो बोलला. डॉक्टर, यादी, बोट, वाट्याला आलेले पैसे, बूट, सगळं एका दमात.

 भाऊजींनी आपलं ताट उचललं, आत गेले, आणि बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. घासायला दोनच भांडी होती.

"समाधान झालं?" ताईनं हळू आवाजात विचारलं. पहिल्यांदाच तिच्या आवाजाला धार आली. "तुझं ओझं उतरलं. त्यांचा तुझ्यावर केवढा जीव होता, तेवढा तरी राहू द्यायचा होतास. मी महिनाभर रोज बसनं गेले, त्याचं मला एवढं नाही वाटलं."

तिथे रडणंही शोभलं नसतं. हात धुऊन तो घरी आला.

पुढे त्यानं मॅनेजरला सांगितलं की यादीचं काम आपल्याला नको. "ठीक आहे," मॅनेजर म्हणाला, "तुम्ही नाही तर दुसरा." दुसरा मिळालाही, दुपारपर्यंत. धाकटा सर्व्हिसच्या काउंटरवर गेला. पगार कमी झाला. बायकोनं कारण विचारलं तेव्हा तिलाही सगळं सांगावं लागलं, ती एवढंच म्हणाली, "मला वाटलंच होतं, ते बूट जरा जास्तच महाग होते."

ताईनं चार महिन्यांनी एका ओळखीच्या शिक्षिकेकडून जुनी गाडी घेतली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला नेऊन दाखवली, त्यानं हो म्हटलं, मग पैसे दिले. धाकट्याला गाडी घरी आल्यावर कळलं. तो बघायला गेला. ताईनं दार उघडलं, हसली, चावी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "ब्रेक जरा बघ, करकरतात." ते त्यानं मनापासून बघितले. गुडघे टेकून, शर्ट मळवून, चारही चाकं काढून साफ केली. ताई शेजारी उभी राहून पान्हे देत होती, रुग्णांच्या गमती सांगत होती. घटकाभर सगळं पूर्वीसारखं वाटलं.

मग भाऊजी बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, त्याच्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"या, आत बसा," ते म्हणाले. "तुम्ही चहा घेणार ना?"

वीस वर्षांत त्यांनी त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. धाकट्यानं ताईकडे पाहिलं. ती पान्हे पिशवीत भरत होती.

"घेईन," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.