शिट्टी झाली की थांबायचं

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्या पोटात बुचाचा एक वाटाणा आहे. तो नाचला की माझा आवाज थरथरतो. आता तो फारसा नाचत नाही. खिडकीत पडल्या पडल्या मी धुकं बघते, आणि त्या धुक्यात मला अजून थॉर्नबेकचा जुना संघ धावताना दिसतो.

थॉर्नबेक हे इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या डोंगरकुशीतलं माझं गाव. शाळेतले एडगर थ्वेट मास्तर तिथल्या हौशी फुटबॉल संघाचे कप्तान. आधी मेंढ्या हाकलून मैदान मोकळं करायचं, मग खेळ. सरावात मी मास्तरांच्या ओठांत असे. नियम एकच: मी वाजले की पाय जिथल्या तिथे. गोलरक्षक जॉस मेटकाफ एवढा धिप्पाड, पण माझ्यापुढे गरीब गाय! मला याचा भारी तोरा होता.

मग महायुद्ध आलं. अख्ख्या संघानं एकाच दिवशी सैन्यात नाव घातलं. मास्तर अधिकारी झाले. निघताना जॉसची आई हॅना त्यांना म्हणाली, "मास्तर, गडी आडदांड आहे, पण अक्कल बेताची. तुमच्या हवाली केलाय. परत आणा."

"आणतो," मास्तर म्हणाले.

कवायतीत एकदा गंमत झाली. मी वाजले की चढाई, असा हुकूम होता. मी वाजले, सगळी पलटण धावली आणि आमचे दहा जण खांबासारखे उभे!

"अरे ठोंब्यांनो, मुळं फुटली काय?" हवालदार गरजला.

"शिट्टी झाली ना साहेब," जॉस म्हणाला, "आम्हाला वाटलं, फाऊल!"

मास्तरसुद्धा पोट धरून हसले. ही खोड मोडायला पंधरवडा लागला.

पण ती मोडली नव्हती. फ्रान्समधल्या खंदकात, एका धुकट सकाळी, मी वाजले. शिडीपाशी उभे असलेले आमचे दहा जण अर्धा श्वास थबकले आणि मास्तरांकडे बघू लागले. जॉसनं डोळा मिचकावला. "चला रे, फाऊल नाही," म्हणाला आणि वर चढला. तो आणि आणखी तिघे परतले नाहीत.

घरी आल्यावर मास्तरांनी मला चहाच्या रिकाम्या डब्यात कोंडलं. मी काळी पडले. गावात नवा संघ उभा राहिला, पण पोरं बोलवायला आली की मास्तर दाराआड होत. "माझ्या शिट्टीनं चार घरं बसली," एवढंच म्हणत. हॅनाला तोंड दाखवायची तर त्यांची छातीच होत नव्हती.

एका शनिवारी तीच आली. डबा उघडून तिनं मला आपल्या एप्रननं खसाखसा पुसलं.

"मास्तर, दिलेला शब्द तुम्ही पाळला नाहीत. त्याचा राग आहे, आणि राहील. पण माझा जॉस हिचा आवाज ऐकून गेला. आता एकदा अशी वाजवा, की पोरं थांबतील आणि घरी जेवायला जातील."

मास्तर मैदानावर आले. खेळ संपायला आला तेव्हा डोंगरावरून धुकं उतरत होतं. कितीतरी वर्षांनी माझा वाटाणा नाचला. बावीसच्या बावीस पोरं जागच्या जागी थांबली. मास्तरांनी धुक्यात एकेक डोकं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि सगळी भरली तेव्हा ते ढसाढसा रडले.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख ठेवलं नाहीत तरी चालेल. पण ओठांना लावण्याआधी, माझ्या आवाजावर कोण कोण धावणार आहे, त्यांचे चेहरे एकदा नीट बघून घ्या.