तोंडाचा सुवास

त्या काळी गल्लीत ती एकच बेकरी होती. त्या दिवशी तिच्यासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पण माणसं पाव घ्यायला आली नव्हती, बेकरीवाल्याच्या मुलीच्या तोंडाचा वास घ्यायला आली होती.

"पिकल्या फळासारखा! साक्षात दैवी!" भूत उतरवणारे महाराज डोळे मिटून म्हणाले. "हिच्या अंगातलं भूत भारी खादाड. फिटच्या गोळ्या फेकल्या, त्याला उपाशी ठेवलं. बघा, थांबले की नाही झटके?"

थांबले होते खरे. म्हणून तर आई महाराजांचं ऐकत होती. लेक मात्र वाळून चिपाड झाली होती. खाली पाव भाजले जात, वर ती वासाकडे तोंड करून पडलेली असे.

"आई, कडेचा एक तुकडा दे ना."

"तू नाही गं, तुझ्या अंगातलं ते मागतंय," म्हणत आई कान झाकून घेई. पुढे लेकीने मागणंही सोडलं. महाराज खूश झाले. "भूत मरायला टेकलं!"

पाव घ्यायला आलेली डॉक्टरीणबाई गर्दीतून पुढे घुसली. मुलीच्या तोंडाजवळ वाकली आणि बाईचा चेहरा उतरला.

"महाराज, हा वास उपाशी माणसाच्या तोंडाला येतो. चार दिवस जेवू नका, तुमच्याही येईल."

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज कडाडले, "मग झटके कसे थांबले?"

"उपासानेच." ती आईकडे वळली. "वहिनी, मागे लाकडं संपली तेव्हा भट्टीत काय घातलंत?"

"दुकानातल्या फळ्या, बाकं."

"अन्न मिळालं नाही की शरीरही असंच घरातलं जाळतं. साठलेली चरबी. हा वास त्या जळणाचा. त्यावर काहींचा मेंदू थोडे दिवस शांत राहतो. म्हणून काही मुलांना आम्ही तेला-तुपाचा आहार मोजून देतो; पण पोटभर आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. भट्टी फळ्यांवर किती चालली?"

"फळ्या संपेपर्यंत," आई म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

"भरवलंस तर भूत उठेल!" महाराज ओरडले.

"उठू दे!" आईने लेकीला उचललं. पिठाच्या रिकाम्या पोत्याएवढी ती हलकी लागली.

दवाखान्यात गोळ्या आणि अन्न हळूहळू सुरू झालं. एकदा झटका आलाच. आईने तिला कुशीवर वळवलं आणि ती शेजारी बसून राहिली. भूत कुठेच नव्हतं. शुद्धीवर येऊन लेक पुटपुटली, "कडेचा तुकडा दे."

आज ती लेक दोन मुलांची आई आहे. पण बाजारात पिकल्या फळांचा वास आला की तिच्या म्हाताऱ्या आईचे पाय अजून थबकतात.

फिट आली तर भूत शोधू नका, डॉक्टर गाठा. आपल्या मनाने गोळ्या थांबवू नका, उपास घडवू नका. आणि पोर भूक लागली म्हणतं, तेव्हा ते पोरच बोलत असतं.