रिकामी आहे म्हणे

ऑरिन हॅल्वर्सनचा एकच हट्ट: बंदूक हातात आली की बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडून, ती रिकामी आहे हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. देणारा सख्खा बाप का असेना! विस्कॉन्सिनच्या त्या गावात बत्तीस वर्षं तो दर शनिवारी नवशिक्यांना नेमबाजी शिकवत होता. जो चुकला तो भिंतीकडच्या हिरव्या बाकड्यावर, परीक्षा बाद. मग रडा, भांडा, शेरीफचे मेहुणे असा, काही उपयोग नाही.

यंदा मात्र टांगती तलवार त्याच्याच डोक्यावर होती. वय एक्काहत्तर. ह्याच्या हातून एक जरी चूक झाली तरी शिकवणं बंद, असं नेमबाजी क्लबच्या बैठकीत ठरलं होतं. सचिव ग्लेन तर तावातावानं बोलला होता. आणि बायको गेल्यापासून ह्या शनिवारांखेरीज म्हाताऱ्याकडे होतं तरी काय?

त्या दिवशी शेवटचा नंबर मार्लिस टेशचा. बेकरीत पाव भाजणारी, पन्नाशीची बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून यंदा हरणाच्या शिकारीला ती स्वतः निघाली होती, आणि परवान्यासाठी ही परीक्षा पास होणं भाग होतं. महिन्यापूर्वी ती नापास झाली होती. ऑरिन "रिकामी आहे" म्हणाला आणि तिनं न बघता बंदूक घेतली.

"अहो, तुम्हीच तर म्हणालात!"

"मी म्हणालो, म्हणूनच नापास. महिन्याभरानं परत ये."

आज तिचा नेम झकास लागला. "अर्धा श्वास सोड. थांब. चाप ओढू नकोस, दाब," ऑरिन मागून सांगत होता, आणि पाचातल्या चार गोळ्या काळ्या वर्तुळात बसल्या. तिनं आपली बंदूक उघडून टेबलावर ठेवली. आता उरलं फक्त बंदूक हातात घेणं.

तेवढ्यात ड्वेन आला. ऑरिनचा तीस वर्षांचा दोस्त आणि मदतनीस. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात शेजारच्या रांगेतली बंदूक, बोल्ट बंद.

"ही घे, रिकामी आहे."

ऑरिननं घेतली आणि तशीच, नळी गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे धरून, मार्लिसपुढे केली. "घे. रिकामी आहे."

मार्लिसनं बोट चापापासून लांब ठेवलं, नळी बांधाकडेच राहू दिली आणि बोल्ट मागे ओढला. टण्णकन एक काडतूस उडून टेबलावर पडलं. जिवंत.

सगळ्यांच्या माना काडतुसाकडे वळल्या. मग टाळ्या!

"वा, म्हातारबा! काय पेच टाकलात!" मागे उभा राहून बघणारा ग्लेन ओरडला.

"मला पुन्हा त्याच खड्ड्यात पाडायला निघाला होतात होय?" मार्लिस हसत होती, डोळे मात्र भरून आले होते.

ड्वेन मान खाली घालून कॉफीत बघत होता. बाकी कुणाला पत्ताच नव्हता. ऑरिननं नुसतं हसून मान डोलावली असती तरी भागलं असतं, उलट नाव झालं असतं. खरं सांगायचं तर त्याला तसं करावंसं वाटलंही. पण ती बाई ते काडतूस उचलून बघत होती.

"पेच कसला डोंबलाचा," तो म्हणाला. "मी बघितलंच नाही."

"अरे, पण मीच तुला म्हणालो ना, रिकामी आहे म्हणून," ड्वेन पुटपुटला.

"तू म्हणालास, म्हणूनच."

त्यानं मार्लिसच्या कागदावर 'पास' लिहून सही केली, गळ्यातली शिक्षकाची शिट्टी काढून ग्लेनच्या हातात दिली आणि हिरव्या बाकड्यावर जाऊन बसला. बाकडं एका पायात लंगडं होतं. बत्तीस वर्षांत त्याला हे ठाऊकच नव्हतं.

मार्लिस आली, त्याच्या शेजारी बसली.

"ऑरिन," ती म्हणाली, "महिन्याभरानं परत या."

तो हसायला गेला, आणि त्याला रडू फुटलं.