तळाशी राहिलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. चिनी मातीची. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरट, झाकणाचा एक टवका उडालेला. माझ्यात काय ठेवलंय ते बाहेरून दिसत नाही. लोणच्याला ते मानवतं. माणसांना मात्र कधी कधी तेच महागात पडतं.

मी गुजरातेतल्या एका भट्टीत भाजले गेले आणि गवतात गुंडाळून नांदगावच्या बाजारात आले. तिथे लंकाबाई पगारे नावाच्या नव्या नवरीने मला टिचकी मारून पाहिली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाली, "हीच घेते." तेव्हापासून मी तिची. पुढे तिचा नवरा वारला, मुलगी तेजल मोठी झाली, पण नाल्याकाठची पत्र्याची खोली काही सुटली नाही. पावसाळ्यात पाणी आत शिरलं की लंकाबाई आधी तेजलची पुस्तकं फळीवर चढवायची आणि मग मला. त्या दोघी घोटाभर पाण्यात उभ्या असायच्या आणि मी वरून बघत राहायचे. बरणी दुसरं काय करणार?

लंकाबाई आमच्या लहानशा गावच्या नगरपरिषदेत झाडलोट करते. सकाळी कचेरीचं कुलूप तीच उघडते. त्यामुळे घरकुलाचे अर्ज घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा पहिला अर्ज तिचाच पडला. "पहिला नंबर हे माझा," असं तिने तेजलला चारदा तरी सांगितलं. पण घरं होती चौसष्ट आणि अर्ज आले दोनशे अकरा. मग सोडत काढायचं ठरलं.

"मावशी, लोणच्याची बरणी आहे ना तुमच्याकडे?" कारकून सोमनाथने विचारलं. "चिठ्ठ्या टाकायला. आतलं दिसायला नको."

"हे की. घासून आणते."

"नीट घासा हं. नाहीतर सगळी घरं आंबट निघायची!"

"निघू द्या भाऊ. आंबट तर आंबट, पण पक्कं पाहिजे."

तिने मला तीनदा घासलं, उन्हात वाळवलं. निघताना मात्र दारात थबकली. आमच्याकडे भांडं कुणाला रिकामं देत नाहीत. तिने डब्यातला गुळाचा खडा काढून माझ्या तळाशी ठेवला.

"आई, चिठ्ठ्या टाकायच्यात त्यात," तेजल म्हणाली.

"असू दे गं. गोड निघंल."

मे महिना होता. सभागृहातले पंखे नुसताच गरम वारा ढकलत होते. गूळ पाझरायला लागला. सोमनाथने यादीप्रमाणे लावलेल्या चिठ्ठ्या एकेक करून आत सोडायला सुरुवात केली. पहिली चिठ्ठी लंकाबाईची. ती अलगद खाली आली आणि गुळावर बसली. वरून दोनशे दहा चिठ्ठ्यांचा भार पडला. मित्रांनो, मला सगळं कळत होतं. पण बरणीला तोंड असतं, जीभ नसते.

चिठ्ठ्या काढायला बोलावलेली पिंकी नावाची एक चिमुरडी, शाळेच्या गणवेशातली, माझ्यात हात घालू लागली. तिचा इवलासा हात वरवरच फिरायचा. चौसष्ट नावं निघाली, टाळ्या झाल्या. मग प्रतीक्षा यादीसाठी मला टेबलावर उपडं केलं, दोनदा थोपटलं आणि हाताला येतील तशा चिठ्ठ्या उचलून लिहून घेतल्या. मोजल्या कुणीच नाहीत. जेवणं थंड होत होती.

शेवटचं नाव वाचेपर्यंत लंकाबाई भिंतीला टेकून उभी होती.

"माझं नाव कुठंच कसं नाय, भाऊ?"

"छाननीत बाद झाला असेल अर्ज, मावशी," सोमनाथ यादी न बघताच म्हणाला.

तिची चिठ्ठी चौसष्टात निघालीच असती, असं मी म्हणत नाही. पण नशिबाने तिला नाकारलंसुद्धा नव्हतं. नशिबापर्यंत ती पोचलीच नव्हती.

घरी आल्यावर दोन दिवसांनी माझ्या काठावर मुंग्यांची रांग लागली. लंकाबाईने आत हात घातला, तळाशी काहीतरी खरवडलं आणि ते उजेडात धरलं. ती चिठ्ठी होती, आणि तिच्यावर गुळाने माखलेलं लंकाबाईचंच नाव होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला कडेवर घेऊन कचेरीत गेली. सोमनाथने चिठ्ठी पाहिली आणि उठून दार लोटून घेतलं.

"मावशी, यादीवर सह्या झाल्या. नाशिकला गेलीसुद्धा. आणि बरणी तुमची, गूळ तुमचा, चिठ्ठी सापडली तीही तुमच्याच घरात. माझा विश्वास आहे हो. पण साहेब म्हणतील, बाईने घरीच चिकटवली."

"मी कशाला माझंच घर बुडवीन?"

लंकाबाईने चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली, मला कोपऱ्यात ठेवलं आणि सभागृह झाडायला घेतलं.

त्या पावसाळ्यातही पाणी आलं. आधी पुस्तकं वर गेली, मग मी.

दिवाळीच्या आधी बाजारातल्या गाळ्यांची सोडत निघाली. सोमनाथ स्वतः दारात आला. मान काही वर होईना त्याची. "मावशी... बरणी द्याल?"

"नको देऊस, आई," तेजल आतून म्हणाली.

लंकाबाईने मला घासलं, वाळवलं. मग कोपरापर्यंत हात आत घालून तळवा तळावर गोल फिरवला, आंधळं माणूस चेहरा चाचपतं तसा. गुळाचा डबा उघडला. मग खडा कागदात बांधून तिने सोमनाथच्या हातावर ठेवला.

"हा तुम्ही खा, भाऊ. बरणीत नाय टाकला. आणि उपडी केल्यावर हात घालून बघा. कुणाचं तरी राहतं खाली."

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. एखाद्या कचेरीत बसाल, कुणाच्या तरी घराचा कागद तुमच्या हाताखालून जाईल. वर आलेली नावं सगळेच वाचतात. तुम्ही मात्र नुसतं थोपटून थांबू नका. एकदा बाही वर सारा आणि हात तळापर्यंत घाला.