आय सी रोड

हॉस्पिटलच्या तळघरात फाटक्या चादरी, पडदे आणि डॉक्टरांचे झगे सांधून देणारी एक बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. आगगाडीत अख्खा दिवस काढावा तेव्हा ते शहर यायचं. मुलगा फोन करायचा, पण तेव्हा एकतर त्याच्या तोंडात घास असायचा, नाहीतर तो जिना उतरत असायचा.

मावशीने आपणहून फोन केला, तर तो बहुतेक वेळा त्याच्याबरोबर राहणारा मित्र उचलायचा, कारण हा पठ्ठ्या फोन घरीच विसरून जायचा. मित्राला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. तो काहीतरी सांगायचा, मावशी "बरं बरं" म्हणून फोन ठेवायची. आपल्याच मुलाची बातमी कानावर पडते आणि पदरात काही पडत नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं. म्हणून पन्नाशी उलटल्यावर तिने वाचनालयातला संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग धरला.

शिकवणारे सर पूर्वी तिकीट तपासनीस होते. चुकीचं वाक्य बोलणाऱ्याकडे ते अजूनही विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसे बघत. एका संध्याकाळी त्यांनी फळ्यावर 'सी' हा शब्द लिहिला. म्हणाले, दिसायला एवढासा आहे, पण याचा संसार मोठा आहे. डोळ्यांना दिसतं तेही सी आणि डोक्यात शिरतं तेही सी. कुणाला भेटायचं असलं तरी सी आणि तब्येत दाखवायला गेलं तरी 'सी अ डॉक्टर'. मावशीच्या हे शेवटचं पक्कं लक्षात राहिलं. तिचं आयुष्यच हॉस्पिटलात गेलेलं.

त्यानंतरच्या रविवारी तिने फोन लावला. मित्राने उचलला. मावशीने न अडखळता मुलाची चौकशी केली. तोही बिचारा सावकाश बोलला, "ही इज आउट. ही इज सीइंग समवन."

शब्द न् शब्द कळला म्हणून मावशी खुशीत भाजी चिरायला बसली आणि मग तिचा हात विळीवरच थांबला. सुट्टीच्या दिवशी कुठला डॉक्टर बघतो? म्हणजे दुखणं साधं नव्हतं.

मुलाचा फोन आल्यावर तिने आडून विचारलं, कुणाकडे जातोयस का हल्ली? तो म्हणाला, "तुला कोणी सांगितलं? आत्ता नको, आई. वेळ आली की मीच सांगेन."

मावशीने दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. पिशवीत दोन मऊ चादरी, शेकायची पिशवी, थर्मामीटर आणि त्याच्या वडिलांचा मफलर भरला. गाडीत खिडकीशी बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की काळजीच्या आत कुठेतरी आनंदही आहे. त्याला पुन्हा आपली गरज पडणार होती. महिनाभर तरी उशाशी बसायला मिळालं असतं. असला विचार मनात आला म्हणून तिने स्वतःला चांगलंच फैलावर घेतलं.

दार एका मुलीने उघडलं. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मागे ओट्याशी मुलगा कांदा चिरत उभा होता, चांगला गुटगुटीत. मावशीने चप्पलही न काढता आधी त्याच्या कपाळाला हात लावला.

"काय झालंय ते आत्ताच्या आत्ता सांग."

सगळा उलगडा झाला तेव्हा तो हसून हसून खालीच बसला. मुलगी हसली नाही. तिने मावशीच्या हातातली पिशवी घेतली आणि पाणी आणून दिलं.

"म्हणजे मुलगी बघतोयस," मावशी म्हणाली.

"बघून झाली, आई."

मावशीला मुलगी आवडली. नाव ठेवायला जागाच सापडेना, याचं थोडं वाईटही वाटलं. जेवणं झाल्यावर मुलगा भांडी घासायला लागला आणि मुलीला मराठी येत नव्हतं म्हणून दोघी टेबलाशी बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत राहिल्या. मुलीने विचारलं, कामावरून आल्यावर संध्याकाळी तुम्ही काय करता? मावशीला सांगायचं होतं, याची वाट बघते. तिने मनात शब्द जुळवले.

"आय सी रोड," ती म्हणाली.

मुलीला वाटलं, घराला छानशी खिडकी असेल, खाली रस्ता असेल. नाइस, असं म्हणून तिने विचारलं, रस्त्यावर झाडं आहेत का? मावशी म्हणाली, आहेत.

मुलाचा हात नळाखाली तसाच राहिला. त्याने मुलीला काही समजावून सांगितलं नाही. एकच ताट तो कितीतरी वेळ विसळत होता.

स्टेशनवर निरोप देताना तो म्हणाला, "येईन मी. मधेच कधीतरी, न सांगता."

"सांगून ये. रजा टाकावी लागते."

तो आला, पण लगेच नाही, बऱ्याच दिवसांनी, आणि एकटाच, कारण मुलीला सुट्टी मिळाली नव्हती. पोटभर जेवला, दुपारी लोळला. लग्न नोंदणी कचेरीत करायचं ठरलंय, साक्षीदार म्हणून सही तुझी हवी, असं त्याने सांगितलं. मावशी हो म्हणाली.

तो गेल्यावर बाल्कनीतल्या दोरीवर त्याचा टॉवेल राहिलेला दिसला. तिने तो घडी करायला हातात घेतला. अजून ओला होता. तिने तो पुन्हा दोरीवर पसरला आणि वाळल्यावरही काही दिवस तिथेच राहू दिला.