घरची भाषा

३ एप्रिल १९७३, सकाळी अकरा. मुरुमजवळच्या एका गावात शाळा तपासणीचे अधिकारी शांताक्कांच्या दारात दहा मिनिटं थांबले आणि तक्त्यात लिहून गेले: घरची भाषा मराठी.

घर कन्नड होतं. पण अधिकाऱ्यांनी मराठीत विचारलं, म्हणून शांताक्का मराठीत बोलल्या. दारात आलेल्याशी त्याच्या भाषेत बोलायचं, ही इथली रीत. इतर कन्नड घरांनीही तेच केलं. शाळेचा कन्नड वर्ग टिकायला वीस मुलं हवी होती. तक्त्यात कन्नड म्हणून एकही मूल आलं नाही.

शांताक्कांची मुलगी सीमेपलीकडे आळंदला दिलेली. तिची पत्रं कन्नडमध्ये येत आणि ती कन्नड वर्गाचे नागप्पा गुरुजी वाचून दाखवत. त्याच वर्गात पहिलीला असलेली घरातली नात आणखी वर्षभरात वाचू लागली असती.

संध्याकाळी गुरुजी आले. "अक्का, पाहुणचारात वर्ग घालवलात!"

"च्याला साखर नव्हती, गुरुजी. म्हटलं, निदान बोलावं तरी त्यांच्यासारखं."

गुरुजींबरोबर ब्रुसार होता. दुष्काळात गावोगाव बोअर घेणारा, अमेरिकेतल्या लुइझियानाचा तंत्रज्ञ. गुरुजी मोडक्या इंग्रजीत बोलत, त्याचं म्हणणं अक्कांना कन्नडमध्ये सांगत. त्याचं घराणं फ्रेंच बोलणारं. १९२१च्या राज्यघटनेनं तिथल्या शाळांत फक्त इंग्रजी ठेवली. फ्रेंच शब्द तोंडून गेला म्हणून त्याच्या वडिलांना मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावलं होतं. सरकारी माणूस दारात आला की त्याची आजी येतील तेवढे इंग्रजी शब्द बोलायची.

"गोऱ्यांतबी धाकटी भाषा असती व्हय?" अक्कांनी विचारलं. "मग पुढं?"

"पाच वर्षांपूर्वी कायदा झाला," ब्रुसार म्हणाला, "फ्रेंच पुन्हा शिकवा म्हणून. बाहेरून मास्तर आणले. आजी त्याआधीच गेली. तिची दोन गाणी मला येतात, अर्थ येत नाही."

अक्का गुरुजींकडे वळल्या. मग म्हणाल्या, "अर्ज लिहा, गुरुजी."

प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, या भारताच्या घटनेतल्या तरतुदीचा हवाला देऊन गुरुजींनी वर्ग चालू ठेवण्यासाठी अर्ज केला. पहिला अंगठा अक्कांचा होता.

फेरतपासणी १२ जूनला झाली. अधिकारी नवे होते, उन्हातून चालत आलेले. अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कन्नडमध्ये दिलं. शेवटी रीत मोडल्याची माफी मागावी तसे हात जोडले, मान खाली घालून. अधिकाऱ्यांनी घरच्या भाषेच्या रकान्यात लिहिलं: उत्तर समजले नाही.

जुलैत नागप्पा गुरुजींची बदली झाली. अर्जावर अजून निर्णय नाही. आळंदहून आलेलं ताजं पत्र अक्कांच्या देवळीत आहे. ते कुणी वाचलेलं नाही.